पदव्युत्तर प्रवेशात स्कोअरला किती किंमत? गेट, कॅट, नेट आणि जीआरईचा हिशेब

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असो की मडगाव-म्हापशाच्या बीएस्सीच्या वर्गात, तिसरं वर्ष सुरू झालं की एकच प्रश्न फिरू लागतो: किती स्कोअर लागतो? उत्तरंही ठरलेली असतात. परदेशातल्या प्रवेशासाठीच्या जीआरईला 320, एमटेकसाठीच्या गेटला 700, एमबीएसाठीच्या कॅटला 99 पर्सेंटाइल. हे आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत. पण त्यांच्यावर भरवसा ठेवून वर्षाची आखणी केली तर फसगत होते, कारण प्रत्येक ठिकाणी स्कोअर वेगळं काम करतो. काही अभ्यासक्रमांत स्कोअर म्हणजेच प्रवेश. काही ठिकाणी तो मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो आणि तिथे त्याचं काम संपत येतं. काही ठिकाणी तो फायलीतल्या सहा-सात कागदांपैकी एक असतो, आणि काही ठिकाणी तर तो कागद उघडलाच जात नाही. म्हणून "किती हवा?" हे विचारायच्या आधी "इथे त्याचं काम काय?" हे विचारावं लागतं.

जिथे स्कोअर म्हणजेच प्रवेश

सगळ्यात सरळ प्रकार जॅमचा. आयआयटी आणि आयआयएस्सीतल्या एमएस्सीसाठीची ही परीक्षा तीन तासांची, 60 प्रश्नांची, 100 गुणांची. आयआयटीतल्या एमएस्सीच्या जागा या परीक्षेतल्या रँकवर भरतात, मुलाखत नसते. पदवीला कितीही चांगले गुण असले तरी ते पात्रतेपुरते मोजले जातात. इथे शिफारसपत्र, प्रोजेक्ट, निबंध यांवर एक दिवसही घालवू नये. सगळा वेळ अभ्यासाला.

गेटचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. परीक्षा 65 प्रश्नांची, 100 गुणांची, तीन तासांची. त्यातले 15 गुण सामान्य अभिक्षमतेचे असतात आणि नेमके तेच बरेच जण हलक्यात घेतात. आयआयटी आणि एनआयटीतल्या नेहमीच्या एमटेकच्या बहुतेक जागा गेट स्कोअरवर भरतात. आयआयटींचे प्रस्ताव कोॲप या पोर्टलवर दिसतात, एनआयटींचं समुपदेशन सीसीएमटीतून होतं. आपल्या कुंकळ्ळीची एनआयटीही त्यातच येते.

गेटचा 'स्कोअर' आणि गेटचे 'गुण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुण 100 पैकी, स्कोअर 1000 पैकी. एकातून दुसरा कसा निघतो ते एकदा हाताने मांडून पाहिलं की पुढची बरीच भीती जाते. खुल्या गटाचे पात्रता गुण 350 स्कोअरला बांधलेले असतात आणि त्या विषयातल्या सर्वांत वरच्या मोजक्या उमेदवारांची सरासरी 900 ला. मधलं अंतर सरळ रेषेत वाटलं जातं. समजा एका वर्षी पात्रता गुण 30 आहेत आणि वरच्यांची सरासरी 80. म्हणजे 50 गुणांच्या अंतरात 550 स्कोअर बसला. एक गुण बरोबर 11 स्कोअर. तुम्हाला 50 गुण पडले तर 350 अधिक 220, म्हणजे 570.

आता याच हिशेबात एक चूक काय करते ते पाहा. दोन गुणांचा बहुपर्यायी प्रश्न चुकला तर ते दोन गुण जातात आणि वर दोन-तृतीयांश गुण कापले जातात. बरोबर आणि चूक यांत 2.67 गुणांचं अंतर, म्हणजे या वर्षाच्या हिशेबाने साधारण 29 स्कोअर. एखाद्या शाखेत गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश 560 ला झाला असेल, तर तो एक अंदाजपंचे मारलेला प्रश्न तुम्हाला आत किंवा बाहेर करू शकतो. आकडा टाइप करायच्या आणि एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नांना मात्र उणे गुण नाहीत. ते कोरे सोडणं म्हणजे हातचे गुण टाकून देणं. आणि हे प्रमाण दरवर्षी, दर विषयात बदलतं, म्हणून मागच्या वर्षीच्या दादाला 52 गुणांवर मिळालेला स्कोअर तुम्हाला 52 वर मिळेलच असं नाही. तुलना करायची ती स्कोअरची, गुणांची नाही.

किती स्कोअर पुरेल याचं उत्तर 'क्लोजिंग स्कोअर' देतो, म्हणजे त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटच्या उमेदवाराचा स्कोअर. निदान तीन वर्षांचे आकडे घ्या आणि स्पेशलायझेशननिहाय पाहा. एकाच विभागातल्या दोन शाखांत शंभरेक स्कोअरचा फरक सहज असू शकतो. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो आणि परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. आमचं मत असं की ज्याला एमटेक करायचंच आहे त्याने तिसऱ्या वर्षी एकदा बसावं. तेव्हाचा स्कोअर बहुधा कामी येत नाही, पण तीन तासांत आपण कुठे घसरतो ते कळतं.

यात एक गोष्ट गोव्यातल्या मुलांना हमखास नडते. केंद्रीय संस्थांत ओबीसी प्रवर्गासाठी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचा लागतो. राज्यातल्या कॉलेजप्रवेशासाठी काढलेला जुना दाखला तिथे चालत नाही, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असंही नाही. अर्ज भरायच्या आधी दोन्ही याद्या ताडून पाहा. गेटमध्ये ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी पात्रता गुण खुल्या गटाच्या 90 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी दोन-तृतीयांश असतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्या घरांतल्या मुलांनी हा दाखला वेळेत काढून ठेवावा.

संशोधनावर आधारलेला एमएस किंवा थेट पीएचडी हवी असेल तर गेटचं काम बदलतं. तिथे स्कोअर मुलाखतीला बोलावण्यापुरता. मुलाखतीत 900 स्कोअरवाल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा मूलभूत प्रश्न विचारला आणि तो अडखळला, तर 900 त्याला वाचवत नाही.

मुलाखतीच्या दारापर्यंत

कॅटमध्ये पहिला घोळ पर्सेंटाइलचा. 99 पर्सेंटाइल म्हणजे 99 टक्के गुण नव्हेत, तर परीक्षा देणाऱ्या शंभरातल्या 99 जणांच्या पुढे असणं. अडीच-तीन लाख जण बसतात, म्हणजे 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढेही अडीच-तीन हजार उमेदवार असतात. आणि 99 ला हात लावला म्हणजे अहमदाबाद किंवा बंगळूर पक्कं, असं नाही. आयआयएम यादी काढताना दहावी-बारावीचे गुण, पदवी, कामाचा अनुभव, वर्गातली विविधता हे सगळं मोजतात. बंगळूरची संस्था तर शालेय गुणांना बरंच वजन देते. पर्वरीच्या बोर्डाने दिलेली ती दोन गुणपत्रकं आता बदलता येत नाहीत. तेव्हा कुठल्या संस्थेचं सूत्र आपल्या जुन्या गुणांना मानवतं ते आधी पाहावं आणि मग अर्ज करावा.

दुसरा घोळ विभागवार किमान पर्सेंटाइलचा. परीक्षेत तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, आणि एका विभागातला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. एकूण 98 असून भाषेच्या विभागात 65 असेल तर जिथे प्रत्येक विभागाला किमान अट आहे तिथे अर्ज तिथेच थांबतो. एकूण 95 आणि तिन्ही विभागांत 85 च्या वर, हा उमेदवार कित्येकदा जास्त ठिकाणी बोलावला जातो. सत्तरी तालुक्यातल्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये कॅटखेरीज झॅट आणि जीमॅट या व्यवस्थापनाच्याच परीक्षाही चालतात. म्हणजे नोव्हेंबरचा कॅट बिघडला तरी जानेवारीतला झॅट उरतो. कॅटचा स्कोअर फक्त त्या एका वर्षाच्या प्रवेशाला चालतो, जीमॅटचा मात्र पाच वर्षं. जीमॅट नोव्हेंबर 2023 पासून नव्या रूपात आली आहे. आता तिचा स्कोअर 205 ते 805 असतो आणि शेवटी नेहमी 5 येतो. जुन्या 200 ते 800 च्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करू नका.

पीएचडीसाठी 2024 पासून यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं महत्त्व वाढलं. निकालात आता तीन गट असतात: जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापकपदासह पीएचडी, आणि फक्त पीएचडी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांना पीएचडी प्रवेशात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन, आणि हे गुण एक वर्ष चालतात. सत्तर-तीस ऐकलं की वाटतं, परीक्षाच सगळं ठरवते. आकडे मांडून पाहू. एकाला नेटमध्ये 70 टक्के, दुसरीला 62. सत्तरपैकी त्याचे 49 झाले, तिचे 43.4. मुलाखतीत त्याला 30 पैकी 17, तिला 25. बेरीज त्याची 66, तिची 68.4. परीक्षेतले आठ टक्के तिने मुलाखतीत भरून काढले आणि वर उरले. मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांचे परीक्षेचे गुण एकमेकांच्या जवळच असतात. मुलाखतीचे गुण मात्र 10 ते 27 असे दूरवर पसरतात. म्हणून कागदावर 30 टक्के असलेला भाग प्रत्यक्षात निकाल फिरवतो. विषयाचं दोन पानी टिपण, त्यात प्रश्न काय, आधी कुणी काय केलंय आणि माहिती कुठून मिळवणार, एवढं तयार ठेवणाऱ्याला याचा सरळ फायदा होतो.

जीआरई: फायलीतला एक कागद

सर्वात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडं थांबून पाहू.

22 सप्टेंबर 2023 पासून जीआरई आखूड झाली, आता ती 1 तास 58 मिनिटांत संपते. एक निबंध 30 मिनिटांचा, मग भाषा आणि गणित यांचे प्रत्येकी दोन भाग, प्रत्येकी 12 आणि 15 प्रश्नांचे. भाषा आणि गणित दोन्हींना 130 ते 170 गुण, निबंधाला 0 ते 6. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिल्या भागात कसं केलं त्यावरून दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपा भाग आला तर तो सगळा बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत. पहिल्या 12 प्रश्नांत घाईने केलेल्या चुका म्हणूनच महाग पडतात.

आता तो 320 चा आकडा. बेरीज फसवी असते. अलीकडच्या तक्त्यांत भाषेत 160 म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांच्या पुढे, आणि गणितात 160 म्हणजे साधारण मधोमध. गणितात तर शेकडा आठ-नऊ जणांना पूर्ण 170 मिळतात. तेव्हा 160 अधिक 160 आणि 170 अधिक 150 या दोन्हींची बेरीज 320 असली तरी त्या दोन वेगळ्या फायली आहेत. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या समितीला पहिलीतलं 160 गणित कमकुवत वाटेल. इतिहास किंवा समाजशास्त्राच्या समितीला तेच गणित पुरेसं वाटेल आणि दुसरीतली 150 भाषा खुपेल. अर्थशास्त्राच्या पीएचडीत अजूनही गणिताच्या गुणांकडे बारकाईने पाहतात, तिथे 165 च्या खाली असलेल्याने फार आशा धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. निबंधाचे गुण इंजिनिअरिंगमध्ये फारसे कुणी तोलत नाही. 3 च्या खाली गेले तर मात्र शंका येते.

एक-दोन गुणांसाठी पुन्हा परीक्षा द्यायची का? प्रत्येक परीक्षेत मापनाची चूक असते, आणि जीआरईत ती प्रत्येक विभागात सुमारे दोन गुणांची आहे. आज 163 मिळवणारा पुढच्या महिन्यात काहीही न शिकता 165 किंवा 161 मिळवू शकतो. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते की लहान फरकांवरून उमेदवारांत भेद करू नये आणि फक्त कटऑफ लावून निवड करू नये. 161 वरून 163 साठी वीस हजारांहून जास्त रुपये पुन्हा भरणं म्हणजे पैसे पाण्यात. 155 आणि सरावात सतत 163, असं असेल तर बसा. दोन परीक्षांत किमान 21 दिवसांचं अंतर लागतं आणि बारा महिन्यांत पाचदाच बसता येतं.

संशोधन काय म्हणतं

जीआरई पुढचं यश सांगते का, यावर दोन टोकांचे दावे ऐकू येतात, आणि दोन्हींना आधार आहे. 2001 मध्ये 82 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं की जीआरईचे गुण पहिल्या वर्षाचे ग्रेड, पात्रता परीक्षा आणि प्राध्यापकांचं मूल्यमापन यांच्याशी बऱ्यापैकी जुळतात. पदवी पूर्ण होते की नाही, याच्याशी त्यांचा संबंध बराच कमी होता. 2017 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जैववैद्यकीय पीएचडीच्या 683 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोण पीएचडी पूर्ण करील, किती वर्षांत करील, किती शोधनिबंध लिहील, यांपैकी काहीच जीआरईवरून सांगता आलं नाही. पहिल्या सत्राच्या ग्रेडशी मात्र थोडा संबंध होता.

यात विरोध दिसतो तेवढा नाही. गोव्याच्या सर्वात वरच्या फुटबॉल लीगमधले खेळाडू घ्या आणि पाहा, सगळ्यात वेगाने पळणारा सगळ्यात जास्त गोल करतो का. फारसा संबंध सापडणार नाही. म्हणून फुटबॉलला वेग लागत नाही असं कुणी म्हणेल का? हळू पळणारे तिथपर्यंत पोचलेच नाहीत, आणि पोचले त्यांच्यात वेगाचा फरक इतका थोडा की खेळाची समज, पायातली कला, शेवटच्या दहा मिनिटांतला दम हेच ठरवतं. जीआरईवर निवडलेल्यांमध्ये जीआरई मोजली की असंच होतं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पीएचडीत पाच-सहा वर्षं टिकून राहणं, फसलेला प्रयोग पुन्हा मांडणं, मार्गदर्शकाशी जुळवून घेणं, हे दोन तासांच्या परीक्षेत येत नाही. शिवाय जीआरईचा खर्च, शिकवणी, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, हे सगळ्यांना सारखं परवडत नाही. या दोन्ही कारणांनी अनेक विभागांनी जीआरई सोडली. मिशिगन विद्यापीठाने तर पीएचडीच्या प्रवेशातून ती एकदमच काढून टाकली.

विषयवार जीआरईचंही तेच झालं. जीवशास्त्र आणि इंग्रजी साहित्याच्या परीक्षा 2021 मध्ये बंद झाल्या, पुढे रसायनशास्त्राचीही झाली. पाच-सात वर्षं जुनं मार्गदर्शन घेणाऱ्यांना हे माहीत नसतं.

समितीच्या टेबलावर दोन फायली

समजा समुद्रविज्ञानाच्या पीएचडीसाठी दोन अर्ज आलेत. पहिल्याचे जीआरई 331: गणित 168, भाषा 163. सीजीपीए 8.6. शिफारसपत्रात लिहिलंय: हुशार, मेहनती, वक्तशीर, वर्गात पहिल्या पाचांत, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. दुसरीचे 317: गणित 163, भाषा 154. सीजीपीए 8.1. तिने दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सहा महिने काम केलंय. तिच्या पत्रात असा मजकूर आहे: मांडवीच्या मुखाजवळच्या क्षारतेच्या नोंदींत एका उपकरणाचे आकडे हळूहळू सरकत होते, हे हिने बाटल्यांतून गोळा केलेल्या नमुन्यांशी ताडून पकडलं, सरकण्याचा वेग काढला आणि आधीच्या दोन महिन्यांच्या नोंदी दुरुस्त करून दिल्या, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बहुतेक समित्या दुसरी फाइल पुढे ढकलतील. पहिल्या पत्रात नाव बदललं तर ते कुणालाही चालेल. दुसऱ्या पत्रातून कळतं की ही मुलगी उपकरणाच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. पीएचडीच्या मार्गदर्शकाला हेच हवं असतं, कारण पुढची पाच वर्षं तिचा पगार त्याच्या अनुदानातून जाणार असतो. 14 गुणांचं अंतर इथे संपतं.

पण गणित 163 ऐवजी 149 असतं तर? मग एखादा सदस्य विचारील, पहिल्या वर्षाचं द्रवगतिकी झेपेल का? आणि हेच दोन अर्ज पीएचडीऐवजी एमएसला गेले असते तर? शेकडो अर्ज, थोडे वाचक आणि संशोधनावर कमी भर. तिथे गणिताचे 168 आणि 8.6 सीजीपीए जास्त बोलतात. एमएसला आकड्यांचं वजन पीएचडीपेक्षा जास्त, हे लक्षात ठेवा.

छोट्या कॉलेजातल्या मुलाला दुसऱ्या प्रकारचं पत्र मिळवायचं तर शिक्षकांना ते लिहिता यावं अशी सामग्री द्यावी लागते. प्रोजेक्टची वही, नेमकं काय केलं ते अर्ध्या पानात, कुठे चुकलं आणि कसं सुधारलं, कुठल्या विद्यापीठात काय शिकायचंय. हे ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्या, शेवटच्या आठवड्यात नको. विद्यापीठ पत्राची लिंक शिक्षकांच्या ईमेलवर पाठवतं आणि जीमेलपेक्षा कॉलेजच्या पत्त्याला जास्त विश्वासार्ह मानतं. सरांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का, हे आधी विचारा. लिंक स्पॅममध्ये जाते, तीही आठवण करून द्या.

"ऐच्छिक" लिहिलंय, मग पाठवायची का?

विद्यापीठाचं नव्हे, त्या विभागाचं पान वाचा. एकाच विद्यापीठात एक विभाग जीआरई मागतो, शेजारचा नको म्हणतो. "आवश्यक" असेल तर प्रश्न नाही. "स्वीकारत नाही" असेल तर निबंधात आणि बायोडेटातही स्कोअर लिहू नका. काही समित्यांना तो नियम मोडल्यासारखा वाटतो. "ऐच्छिक" असेल तिथे आमचा सल्ला असा: विभागाने प्रवेश मिळालेल्यांची सरासरी दिली असेल आणि तुमचे गुण तिच्याइतके किंवा वर असतील तर पाठवा, खाली असतील तर नको. सीजीपीए कमी असेल, किंवा वाणिज्य-जीवशास्त्राकडून डेटा सायन्ससारख्या विषयात जायचं असेल, तर गणिताचा चांगला स्कोअर मोठी मदत करतो. तो नसताना समितीकडे तुमच्या गणिताचा दुसरा पुरावाच नसतो.

परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर फुकट पाठवता येतो. पाचव्यापासून पैसे पडतात. त्या दिवशी फक्त आजचा किंवा सगळ्या परीक्षांचा स्कोअर असा पर्याय असतो. नंतर पाठवताना कुठलीही एक परीक्षा निवडता येते, पण एका परीक्षेतली भाषा आणि दुसरीतलं गणित असं जोडता येत नाही. स्कोअर पाच वर्षं चालतो.

इंग्रजीच्या परीक्षा, आयेल्ट्स आणि टोफेल, यांचं काम निव्वळ उंबरठ्याचं. आयेल्ट्सला अट 6.5 असेल तर 7 आणि 8 मध्ये सहसा कुणी फरक करत नाही. पण प्रत्येक विभागात 6.5 मागितलंय आणि लेखनात 6 आले, तर एकूण 8 असूनही अर्ज अडतो. अध्यापन साहाय्यक म्हणून पगार हवा असेल तर बोलण्याच्या विभागाला कधी वेगळी, वरची अट असते. या दोन्ही परीक्षांचा स्कोअर दोनच वर्षं चालतो.

जर्मनीत बहुतेक ठिकाणी जीआरई लागत नाही, मोजक्या अभ्यासक्रमांत ती किंवा गेट मागतात. तिथे खरा भार तुमच्या पदवीच्या गुणांवर, आणि ते त्यांच्या सूत्राने फिरवले जातात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. दहाच्या श्रेणीत 4 ला उत्तीर्ण धरलं तर 8 सीजीपीएचा जर्मन ग्रेड 2.0 येतो आणि 7 चा 2.5. अनेक अभ्यासक्रमांची रेषा याच दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी पडते. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखलाही, लागतं, ते मिळायला काही आठवडे जातात.

वर्षाचा हिशेब

अमेरिकेचे बरेचसे पीएचडीचे अर्ज 1 ते 15 डिसेंबरला बंद होतात. उलट मोजत आलं तर जीआरई चवथीच्या आधी एकदा देऊन टाकणं बरं. निकाल आठ-दहा दिवसांत येतो, आणि पुन्हा बसायची वेळ आली तर 21 दिवस सोडूनही दसऱ्याच्या सुमारास दुसरी संधी मिळते. त्यानंतरचे दोन महिने निबंध आणि पत्रांना राहतात. जे ऑक्टोबर-नोव्हेंबर जीआरईत घालवतात त्यांचा निबंध रात्रीत लिहिलेला असतो, आणि तो वाचताना कळतो. गेटचे अर्ज त्याच सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी. गेट आणि जीआरई एकाच वर्षी दोन्ही नीट होतात असं क्वचितच दिसतं. एक मुख्य धरा. अनुदानासह आलेल्या अमेरिकन प्रस्तावांना उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात, त्याआधी दबावाखाली होकार देऊ नका. गोवा विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज ताळगाव पठारावर सप्टेंबरातच टाका आणि लागतील त्यापेक्षा दोन-तीन प्रती जास्त घ्या. दहाच्या श्रेणीचे गुण स्वतःच चारच्या श्रेणीत बदलून लिहू नका. जसे आहेत तसे, "10 पैकी" असं लिहा.

घरून जीआरई द्यायची असेल तर पावसाळ्यात गावातल्या विजेचा विचार करा. इन्व्हर्टर दिव्यांना आणि पंख्याला असतो, राउटर त्यावर जोडलेला आहे का ते पाहा, लॅपटॉपची बॅटरी तीन तास टिकते का तेही. खोलीत एकटं, दार बंद, हेडफोन चालत नाहीत, टॅब्लेट चालत नाही. साध्या कागदावर आकडेमोड करता येत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. त्या मार्करने गणितं सोडवायचा सराव आधीच्या आठवड्यात करा, पेन्सिलीच्या सवयीने बोर्ड चौथ्या प्रश्नालाच भरतो.

आणि नाव. गोव्यात एकाच माणसाचं आडनाव जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये, गुणपत्रकावर आजच्या, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घालून, असं तीन प्रकारे सापडतं. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळलं नाही तर केंद्रावर आत सोडत नाहीत आणि भरलेली फी परत मिळत नाही. स्कोअर एका नावाने आणि ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या नावाने गेलं तर विद्यापीठात दोन्ही एकाच फायलीत लागत नाहीत, आणि अर्ज अपुरा म्हणून पडून राहतो. नोंदणीच्या आधी पासपोर्ट समोर ठेवा, त्यातलं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा, आणि गुणपत्रकात वेगळं असेल तर दुरुस्तीचा अर्ज किंवा प्रतिज्ञापत्र त्याच आठवड्यात सुरू करा.